रकाना

जिंतूर रोडच्या अलीकडे, काळ्या रानात,
मीटरभर चौकोनाला सुतळी ताणून
मी माश्या मोजायचो.
पौष सरत आलेला. करडई पिवळीधमक,
काटे पँटीच्या आरपार.
हजेरी दिवसावर. आठ, दहा, बारा :
पाच मिनिटं श्वास धरून उभं राहायचं
आणि लिहायचं,
सातेरी चार. फुलोरी दोन. इतर एक.
हवा : निवांत.

कडेच्या एका फुलावर, बांधाकडे मान कललेल्या,
एक सातेरी बसलेली.
आठला होती.
दहाला होती.
कष्टाळू जात, म्हटलं मनात.
बाराला परत तिलाच मोजली.
तीन वेळा एक, मिळून तीन.

केवळाबाई शेजारच्या ज्वारीत
तेलाचा डबा बडवत पाखरं हाकायची.
पाणी प्यायला आली, वहीत डोकावली,
मग फुलात.
"सायब, हिला लिहू नगा.
ही पेइना.
हिलाच कुणीतरी पेऊ लागलंय."

मी वाकलो. पाकळ्या.
अजून वाकलो, नाकाला काटा टोचला,
तेव्हा पाकळ्यांतल्या काही पाकळ्या
पाकळ्या नव्हत्या.

हरभऱ्याच्या डाळीएवढं पोट, डाळीच्याच रंगाचं.
पुढचे पाय असे फाकलेले
जसं लांबून आलेल्या पाहुण्याला कुणी
ये, ये म्हणावं.
दात मानेमागे, डोकं धडाला जुळतं तिथं.
माशीवर ओरखडा नाही. पंख घडी घातलेले.
चिमटीत धरून उन्हाकडे केली
तर पलीकडचा बांध दिसला तिच्यातून.

ऑफिसातल्या पुस्तकात नाव सापडलं : खेकडा कोळी.
हसू आलं. इथं समुद्र कुणाच्या स्वप्नातही येत नाही,
दुधनेला ढोपरभर पाणी,
आणि हिच्या नावात खेकडाही, कोळीही.
कोळी, पण जाळं नाही.
जाळ्याला दोन काड्यांमधलं अंतर लागतं.
हिला अंतरच नको.

"धन्याच्या फुलात पांढरी असती ही," केवळाबाई म्हणाली,
"करडईत आली की
आठ दिसांत हळद लागती."

पुस्तक म्हणतं, माशीला आणखी एक रंग दिसतो,
आपल्या डोळ्यांत नसलेला.
त्या रंगात ही लपून असते
की दिव्यासारखी पेटून माशीला बोलावते,
यावर त्यांचंही एकमत नाही.
मी त्या फुलाकडे तीन वेळा पाहिलं होतं
आणि माझ्याकडे तर तो रंगही नव्हता.

वहीत तिच्यासाठी रकाना नव्हता.
सातेरी, फुलोरी, आग्या, इतर.
"इतर"मध्ये टाकावी तर ती फुलाला आलेली नव्हती,
ती फूल झालेली.
मी खोडाखोड केली नाही.
शुक्रवारी ढगे सर वही घेऊन गेले, सरासरी काढली.
त्या सरासरीत ती सातेरी
अजून रस पिते आहे.

चौथ्या दिवशी फूल केशरी पडलं,
मग तांबडं. करडईचं वय असंच चढतं.
ती मात्र पिवळीच,
मांडव सोडून नेल्यावरही
हळदीच्या अंगानं बसून राहिलेली.
पहिल्यांदा ती मला लांबून दिसली.
मला दिसली म्हणजे सगळ्यांनाच दिसत असणार :
डबा चुकवून येणाऱ्या पाखरांनाही.
अर्ध्या तासात एक पाय, मग दुसरा,
तिरकी, खेकड्याच्या चालीनं,
देठाखाली उतरली.
काट्यांनी तिला काही केलं नाही.

पाचव्या दिवशी, सकाळी आठ.
सुतळीत सहा ताजी फुलं, सहाही पिवळी.
सगळी वाकून पाहिली. नाकाला परत काटा.
कुठेच नव्हती.
म्हणजे होती.

एक सातेरी आली, घिरटी घातली, उतरली.
पलीकडे डबा वाजला, चिमण्या उठल्या.
मी पेन काढलं,
पण आकडा टाकला नाही.
आधी तिचे पंख हलायची वाट पाहिली.